मुलुंडची झाडं नाशिकला, नागपूरला आणि न्यू जर्सीला

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझ्या बाल्कनीत अँथुरियम, हेलिकोनिया, फिलोडेंड्रॉन, इक्झोरा आणि कढीपत्ता आहे. यांतलीच रोपं मी भावाला नाशिकला आणि बहिणीला नागपूरला दिली. मुलगी न्यू जर्सीला असते, तिने तिथल्याच दुकानातून कढीपत्ता आणि फिलोडेंड्रॉन घेतलं. नाशिकला इक्झोरा पिवळा पडला आणि हेलिकोनिया थंडीत बसून गेला. नागपूरला मे महिन्यात फिलोडेंड्रॉनची पानं करपली. मुलीचा कढीपत्ता दर हिवाळ्यात बोडका होतो. माझं स्वतःचं अँथुरियम तर ऑगस्टमध्ये कुजतं. ही सगळी गरम हवेतलीच झाडं ना? मग नागपूरच्या उन्हाळ्यात ती का करपावीत? तिघांना काय सांगू? आणि यंदा मुलीकडे जाताना कढीपत्त्याचं आणखी एक रोप नेऊ का?"

ताई, गरम हवेतली झाडं खरी, पण तुमच्याकडची बरीचशी रानातल्या सावलीत वाढलेल्या कुळातली आहेत. अँथुरियम मूळचं कोलंबिया-इक्वाडोरकडच्या ओल्या जंगलातलं. बाजारात मिळणारे हेलिकोनिया आणि फिलोडेंड्रॉनही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या तशाच रानांतून आलेले. तिथे ऊन वरच्या झाडांच्या पानांतून गाळून खाली येतं, दुपार फार तापत नाही, रात्र फार उतरत नाही आणि हवा कायम ओली असते. याउलट चाफा, बोगनवेल, अडेनियम हीसुद्धा उष्ण प्रदेशातलीच, पण ती कोरडे महिने सोसायला शिकलेली आहेत. चाफा पानं टाकून मोकळा होतो, अडेनियम खोडात पाणी साठवतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत हे दोन्ही प्रकार एकाच कुंपणात बघायला मिळतात. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत ब्रह्मदेशच्या ओल्या जंगलातली उर्वशी आहे आणि आफ्रिकेच्या कोरड्या माळावरची गोरखचिंचही आहे. मुंबईची हवा दोघींना चालते. नागपूरची हवा मात्र गोरखचिंचेला चालेल आणि उर्वशीला छळेल.

म्हणून माझ्याकडे कोणी बाग करायला आलं की झाडांची यादी काढण्याआधी मी एक हिशेब मांडायला लावते. तुमच्या गावाला वर्षाकाठी कोकणी महिने किती मिळतात? कोकणी महिना म्हणजे ज्यात रात्रीचं तापमान १८ अंशांच्या खाली जात नाही, दुपार ३५च्या फार वर जात नाही आणि हवेत ओल असते. मुलुंडला जून ते ऑक्टोबर हे पाच महिने पक्के. नोव्हेंबर, एप्रिल आणि मे हेही बऱ्यापैकी जमून जातात, कारण समुद्राची दमट हवा असते. नाशिकला जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चार-साडेचार महिने मिळतात. नागपूरला जूनअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. न्यू जर्सीला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तीन महिने.

झाड वाढवायचं ते या महिन्यांत. खत, छाटणी, कुंडी बदलणं, कलमं लावणं, सगळं तेव्हाच. उरलेल्या महिन्यांत झाड फक्त जपायचं. लोक नेमके जानेवारीत मलूल झाड बघून घाबरतात आणि त्याला शेणखत, पेंड, दुकानातलं दाणेदार खत असं जे हाताला येईल ते घालतात. थंडीत मुळं काम करत नाहीत. खत तसंच मातीत राहतं, क्षार साठतात आणि जी थोडी मुळं जिवंत असतात तीही भाजतात. तुमच्या बऱ्याचशा तक्रारी या कोकणी महिन्यांच्या बाहेरच्या आहेत, म्हणून हा हिशेब आधी सांगितला.

आता तुमच्या अँथुरियमकडे येऊ. मुलुंडला थंडीही नाही आणि नागपूरचं ऊनही नाही, मग ते कुजतं कशाने? कुंडीतल्या मातीने. ऑगस्टमध्ये ते रोप अलगद उपटून बघा. चांगलं मूळ पांढरट, जाड आणि बोटाला टणक लागतं. कुजलेलं तपकिरी असतं. त्याला चिमटीत धरून हलकेच ओढलं की वरची साल हातात येते आणि आत नुसता पातळ धागा उरतो. नर्सरीवाले पोत्यातून देतात ती लाल माती पावसात घट्ट बसते, तिच्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, मिसळलेलं असलं तर ते आणखी पाणी धरून ठेवतं आणि मुळांना हवा मिळत नाही. अँथुरियमच्या जातभाईंतले पुष्कळ जण झाडांच्या फांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढतात. त्यांना पाण्याइतकीच हवेची गरज असते.

त्यामुळे अँथुरियमला मातीच घालू नका. नारळाच्या सोडणाचे इंचभर तुकडे, लाकडी कोळसा, विटांचे सुपारीएवढे तुकडे आणि मूठभर पूर्ण कुजलेलं शेणखत, एवढं पुरतं. सोडण आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या, म्हणजे त्यातले क्षार आणि टॅनिन निघून जातील. कुंडी विटेवर उचलून ठेवा. पावसाळ्यात खालची बशी काढून टाका, डासांसाठीही ते गरजेचं आहे. आणि हे काम मेअखेरीस करा, म्हणजे पहिल्या पावसात नवी मुळं धरतील. ऑगस्टमध्ये कुजायला लागल्यावर कुंडी बदलली तर दहातली चार वाचतात, फार तर.

पावसाळ्यात मुंबईकरांची आणखी एक गफलत होते. आभाळ भरलेलं असतं, उजेड कमी असतो, तरी पावसाचं पाणी थेट लागत नाही अशा कुंड्यांना रोज सकाळी सवयीने पाणी घातलं जातं. माती वाफशावर आली की मगच पाणी द्यायचं, हा नियम शेतात जितका खरा तितकाच कुंडीत. बोट दोन पेरं मातीत घाला. गार, ओलसर पण चिकटत नाही असं लागलं तर त्या दिवशी पाणी नको.

बाल्कनी कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण उजेडाचं एक गणित मुंबईत सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत मे-जूनमध्ये थेट ऊन शिरतं आणि तिथे निवांत असलेल्या अँथुरियमच्या पानांवर भाजल्याचे करडे डाग पडतात. दक्षिणेच्या बाल्कनीचं उलटं. डिसेंबरात सूर्य खाली असतो, ऊन खोलीत आतपर्यंत येतं, आणि मे महिन्यात तीच बाल्कनी वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे सावलीत जाते. ग्रिलमधल्या कुंड्या वर्षातून दोनदा तरी जागा बदलाव्या लागतात त्या यामुळे. मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेच्या ग्रिलला ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि पाऊस लागला की सोडा.

मार्चबद्दलही दोन शब्द. लोक मेला घाबरतात, पण मुंबईतल्या सावलीच्या झाडांना मार्च जास्त बाधतो. पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा सुटतो, समुद्राचा वारा उशिरा येतो, आणि पारा कधी कधी चाळिशीला टेकतो. मुलुंड खाडीपलीकडच्या वाऱ्याच्या तोंडावर आहे, तिथे हे कुलाब्यापेक्षा जास्त जाणवतं. त्या दिवसांत पानांची टोकं वाळली तर रोग समजू नका. कुंड्या एकमेकांजवळ सरकवा आणि सकाळी लवकर पाणी द्या.

नाशिकला जाऊ. तुमच्या भावाकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

हेलिकोनिया थंडीने बसला. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे आणि थंडीत तिथला पारा दहाच्या खाली सहज जातो. निफाडकडे तर कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. ओल्या रानातल्या झाडांना त्रास व्हायला बर्फ पडावं लागत नाही. दहा-बारा अंशांवरच त्यांच्या पेशींची आवरणं ताठरतात, मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि माती ओली असूनही पान सुकतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो, आणि गार, चिंब मातीत कंद कुजतो. भावाला सांगा, नोव्हेंबरपासून पाणी निम्म्याहून कमी करा, बुंध्याशी वीतभर जाड पालापाचोळा अंथरा, पानं पिवळी पडली तर पडू द्या, कापू नका. कंद शाबूत असला तर मार्चनंतर फुटवे येतात. कुंडीत असेल तर दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवावा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते आणि कडाक्याच्या रात्री तेवढ्याने झाड वाचतं. खरं तर नाशिकच्या बंगल्याला मी हेलिकोनियाच्या जागी कर्दळच लावीन. ती थंडीत रुसली तरी फाल्गुनात उठते, पानही तसंच मोठं, आणि फूल वर्षातले बरेच महिने.

इक्झोराचं दुखणं मातीचं आणि पाण्याचं आहे. भावाला विचारा, नवी पानं पिवळी पडतात का, आणि त्यांतल्या शिरा हिरव्या राहतात का? उत्तर हो असेल तर झाडाला लोह मिळत नाही. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात इक्झोरा आणि अनंत मनसोक्त वाढतात. घाटावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण ते मुळांना उचलता येणार नाही अशा रूपात बांधलेलं असतं. त्यात बोअरचं जड पाणी रोज घातलं की भर पडते. कुंडीच्या काठावर आणि पानांवर पांढरे डाग दिसत असतील तर पाणी जड आहे हे नक्की. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांतून येतं, ते हलकं असतं, म्हणून तुम्हाला तुमच्याकडे हा त्रास कधी झाला नाही.

उपाय असा. इक्झोरा जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत घ्या, त्यात कोकणची लाल माती आणि निम्मं पानांचं खत. हे काम पावसाळ्यात. गच्चीवरून येणारं पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि ते फक्त इक्झोरा, अनंत अशा झाडांना द्या. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं मागा. साधं फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत गेलं की पुन्हा बांधलं जातं, पैसे वाया. काही जण ताक ओततात. त्याने माती फारशी बदलत नाही, चिलटं मात्र होतात.

नागपूरचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथलाच आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त झाडं मरताना मी बघितली आहेत.

झाड पानांवाटे पाणी सोडतं, आणि किती सोडायचं ते पूर्णपणे त्याच्या हातात नसतं. हवा किती कोरडी आहे त्यावर ओढ ठरते. गरम हवेत वाफ जास्त मावते. ४० अंशांच्या हवेत ३० अंशांच्या हवेपेक्षा पावणेदोन पट वाफ मावू शकते. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरा. नागपूरला त्याच वेळी ४३ अंश आणि १५ टक्के. हिशेब केला तर नागपूरची हवा पानातून पाणी ओढते ती मुंबईच्या साधारण चौपट जोराने. फिलोडेंड्रॉनचं पान रुंद आणि पातळ. मुळं कितीही ओल्या मातीत असली तरी एवढं पाणी वर पोचवू शकत नाहीत. पानाच्या कडा आधी करपतात, कारण पाणी तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. बहिणीने पाणी कमी घातलं असं मुळीच नाही. उलट तिने दिवसातून तीनदा घातलं असेल तर मुळं गुदमरून त्रास वाढलाच असेल.

मग करायचं काय? फवारणीची बाटली घेऊन पानं ओली करणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. नागपूरच्या दुपारी ते पाणी काही मिनिटांत उडून जातं, आणि बोअरचं असेल तर पानावर क्षार ठेवून जातं. चालतं ते असं: एप्रिलच्या सुरुवातीला फिलोडेंड्रॉन आणि मनीप्लांट घरात, कूलर असलेल्या खोलीत न्या. वाळ्याचा कूलर हवा थंड करता करता ओलीही करतो, आणि ही झाडं त्या हवेत चांगली राहतात. फक्त झोताच्या समोर ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळच्या उजेडात ठेवा. एसीच्या खोलीत मात्र नको. एसी हवेतली ओल काढून घेतो.

जी झाडं बाहेरच राहणार त्यांच्या मुळांकडे आधी बघायचं. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मे महिन्यात हात घालून बघा, माती चटका देते. इतक्या गरम मातीत मुळं पाणी घेणं थांबवतात. मातीची कुंडी घ्या, ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत रेती भरा आणि ती रेती ओली ठेवा. मधल्या रेतीतून पाणी उडत राहतं आणि आतली मुळं गार राहतात. मोठ्या वाफ्यात छोटा, न रंगवलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवला की तो दोन-तीन दिवस झिरपत राहतो. विदर्भ-मराठवाड्यात फळझाडांना हा उपाय जुनाच आहे. वर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन, पश्चिमेला जाळी, आणि पाणी पहाटे. संध्याकाळी घालायचं असेल तर माती निवल्यावर, रात्री आठनंतर.

मे महिन्यात लाल कोळीही येतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक धूळ बसल्यासारखी दिसते आणि पान फिकट, ठिपकेदार होतं. पांढरा कागद धरून पान झटका. धूळ चालायला लागली तर कोळी. झाड सावलीत नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने तीन-चार दिवसांनी एकदा अशी दोन आठवडे धुवा. कडक उन्हात नीमतेल मारू नका, पान भाजतं.

आणि बहिणीला नवीन झाडं द्यायचीच असतील तर चाफा, अडेनियम, मधुमालती, बोगनवेल द्या. नागपूरच्या उन्हात यांचा जो बहर येतो तो मुंबईला येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात अडेनियमचं खोड कुजू नये म्हणून जिवाचं रान करावं लागतं.

न्यू जर्सी नाव ऐकून लांबचं वाटतं, पण नागपूरच्या मेपेक्षा तिथला जुलै आपल्या मुंबईच्या हवेच्या किती तरी जवळचा आहे. गरम, दमट, आणि जूनमध्ये दिवस जवळजवळ १५ तासांचा. मुलीला सांगा, मेअखेरीस कुंड्या बाहेर काढायच्या, पहिले आठ-दहा दिवस पूर्ण सावलीत, मग हळूहळू उन्हात. घरातून एकदम उन्हात ठेवली तर पानं पांढरी पडून भाजतात. जून ते ऑगस्ट भरपूर पाणी, पंधरा दिवसांनी पातळ खत, शेंडे खुडणं. वर्षभराची वाढ या तीन महिन्यांत उरकून घ्यायची. सप्टेंबरमध्ये रात्री १२-१३ अंशांवर आल्या की कुंड्या आत. आत नेण्यापूर्वी पानं दोन्ही बाजूंनी धुवून पिठ्या ढेकूण ही पांढरी, कापसासारखी कीड आहे का ते बघायचं, कारण घरात तिला खाणारे किडे नसतात आणि ती बेसुमार वाढते.

हिवाळ्यात कढीपत्ता बोडका होतो त्याची मला तरी काळजी वाटत नाही. २१ डिसेंबरला तिथे दिवस सव्वानऊ तासांचा, दुपारचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून २६-२७ अंशच वर. त्यात हीटिंगमुळे घरातली हवा नागपूरच्या मेसारखी कोरडी. झाड पानं टाकून विश्रांती घेतं. नखाने खोड किंचित खरवडून बघावं, आत हिरवं असलं की झाड जिवंत आहे. या काळात पाणी अगदी कमी, माती वरून दोन बोटं सुकल्यावरच. खत बंद. दक्षिणेची खिडकी, पण हीटरच्या झरोक्यापासून दूर आणि पानं गार काचेला टेकणार नाहीत अशी जागा. पानं टिकवायचीच असतील तर झाडावर हातभर अंतरावरून १२-१४ तास वाढीचा दिवा लावावा. बोडकं झाड मार्चअखेरीस एक तृतीयांश छाटलं की एप्रिलमध्ये प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो आणि झाड दाट होतं.

आणि नाही ताई, रोप नेऊ नका. कढीपत्ता संत्र्या-लिंबांच्या कुळातला. लिंबूवर्गीय बागा संपवणारा ग्रीनिंग हा रोग सिला नावाच्या ज्या किडीतून पसरतो, ती कीड कढीपत्त्यावर आनंदाने राहते. फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांचं या रोगाने प्रचंड नुकसान केलं आहे. म्हणून परदेशातून येणारी कढीपत्त्याची रोपंच काय, ताजी पानंसुद्धा अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात, आणि सामानात न सांगता सापडली तर दंड होऊ शकतो. मुलीला दुसरं झाड हवंच असेल तर तिच्या आताच्या झाडाच्या बुंध्याशी बघायला सांगा. कढीपत्त्याला मुळांतून फुटवे येतात. जूनमध्ये वीतभर उंच झालेला फुटवा थोड्या मुळांसकट वेगळा करून छोट्या कुंडीत लावला आणि पंधरा दिवस सावलीत ठेवला, तर सप्टेंबरपर्यंत आत नेण्याजोगं रोप तयार होतं.